ध्वनिमुद्रणाचे नाव कोठे असते? : तबकडीपासून घरगुती सीडीपर्यंत

प्रस्तावना

इ. स. २००० नंतरच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक घरांत, मंडळांत आणि महाविद्यालयांत संगणकावर सीडी तयार करण्याची सोय झाली. नमन-खेळे, जाखडी, कीर्तने, नाट्यगीतांच्या मैफली आणि स्नेहसंमेलने यांची ध्वनिमुद्रणे, तसेच जुन्या ध्वनिफितींच्या प्रती अशा सीडींवर उतरविण्यात आल्या. आज त्यांपैकी एखादी सीडी संगणकात घातली असता गायकाचे वा गीताचे नाव न येता ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ एवढेच दिसते. विकत आणलेल्या सीडीची नावे मात्र संगणकावर दिसत असत. त्यामुळे सीडी तयार करताना नावे पुसली गेली, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज बरोबर नाही. ती नावे या सीडींवर कधी नव्हतीच. आणि बाजारातील बहुसंख्य सीडींवरही ती नसतात. नाद आणि त्याचे नाव यांची फारकत कशी होत गेली, याचा मागोवा घेणे आणि या सीडींचा इतिहासाचे साधन म्हणून विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तबकडीचा काळ

भारतातील ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात नोव्हेंबर १९०२ मधील कलकत्ता येथील मुद्रणे प्रसिद्ध आहेत. फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा गायनाच्या अखेरीस त्यांनी इंग्रजीतून स्वतःचे नाव उच्चारले. यामागे व्यावहारिक कारण होते. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथे त्यांच्या तबकड्या तयार होत. गायिकेची भाषा न समजणाऱ्या तेथील कामगारांना मुद्रण ओळखता यावे, यासाठी नाव नादातच गोवले गेले. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला आणि अशा उद्घोषणेची निकड कमी होत गेली.

तबकडीवर नावाची आणखी दोन स्थाने होती. मध्यभागी कागदी लेबल असे, आणि लेबलालगतच्या मोकळ्या जागेत मुद्रणक्रमांक कोरलेला असे. लेबल तबकडीबरोबरच दाबून बसविलेले असल्याने ते सहसा वेगळे होत नसे. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची तबकडी हाती आली तरी गायक, कंपनी आणि क्रमांक यांचा पत्ता लागतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेसारख्या संग्राहकांच्या कार्याला या लेबलांचा आणि क्रमांकांचा मोठा आधार लाभला आहे.

ध्वनिफितीत ही सांगड सैल झाली. नावे डबीतील कागदावर गेली. डबी बदलली की ओळखही बदलली.

‘रेड बुक’ची रचना

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचे मानक निश्चित केले. ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. या मानकानुसार सीडीच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. तीत जास्तीत जास्त ९९ मुद्रणांचे क्रमांक आणि प्रत्येकाच्या आरंभाची वेळ मिनिट, सेकंद व सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग या मापात दिलेली असते. गीत वा गायक यांच्या नावासाठी मूळ रचनेत स्थान नव्हते. जागेची अडचण हे याचे कारण म्हणता येत नाही. एका सेकंदाच्या नादासाठी सीडीवर १,७६,४०० बाइट लागतात. सर्व गीतांची नावे त्याच्या अल्पांशातही मावली असती. श्रोता वेष्टन हाती घेऊन ऐकेल आणि यंत्र त्याला केवळ क्रमांक दाखवील, असे गृहीत धरलेले दिसते.

विंडोज प्रणालीत अशी सीडी उघडली असता ‘सीडीए’ प्रकारच्या, प्रत्येकी अवघ्या ४४ बाइटच्या फाइल दिसतात. त्या सीडीवर नसतात. अनुक्रमणिका वाचून प्रणालीच त्या दाखविते.

पडद्यावरील नावांचा उगम

मग विकत घेतलेल्या सीडीची नावे कोठून येत? १९९३ मध्ये टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी ‘सीडीडीबी’ ही सूची सुरू केली. मुद्रणांची संख्या, एकूण कालावधी आणि आरंभवेळा यांवरून प्रत्येक सीडीचा आठ अंकी संकेतांक काढला जाई. संगणक तो इंटरनेटवरून सूचीकडे पाठवी आणि नावे परत येत. ती नावे कोणा श्रोत्याने वेष्टन पाहून स्वतः टंकलेली असत. हजारो श्रोत्यांच्या श्रमांतून उभी राहिलेली ही सूची १९९८ मध्ये एका कंपनीने विकत घेतली आणि २००० मध्ये तिचे ‘ग्रेसनोट’ असे नामकरण झाले. त्यावर पर्याय म्हणून निघालेली ‘फ्रीडीबी’ २०२० मध्ये बंद पडली. ‘म्युझिकब्रेन्झ’ आजही चालू आहे.

घरगुती सीडीचा प्रश्न येथे उलगडतो. बाजारातील सीडीची तंतोतंत प्रत केली, तर अनुक्रमणिका तीच राहते आणि सूचीतून नावे मिळू शकतात. मात्र निवडक गीते एकत्र केली, अथवा दोन गीतांमध्ये दोन सेकंदांची शांतता घातली, की आरंभवेळा बदलतात आणि सूचीच्या दृष्टीने ती नवीनच सीडी ठरते. गावातील नमनाचे मुद्रण तर जगातील कोणत्याही सूचीत मुळातच नोंदलेले नसते. काही वेळा जुळणाऱ्या वा जवळपास जुळणाऱ्या संकेतांकामुळे भलत्याच सीडीची नावे येण्याचाही संभव असतो. अभ्यासकाच्या दृष्टीने अनामिकतेपेक्षा हे अधिक घातक आहे.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. सीडी ज्या संगणकावर तयार केली तेथे नावे दिसतात, दुसरीकडे दिसत नाहीत, हा अनुभव अनेकांना आला असेल. टंकलेली नावे सीडीवर न जाता त्या संगणकातच साठविली जात, हे त्याचे कारण होय. विंडोज ९५ मध्ये ती ‘सीडीप्लेअर डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये राहत. संगणक मोडीत निघाला की नावेही त्याच्याबरोबर जात.

सीडी-टेक्स्ट आणि देवनागरी

१९९६ मध्ये ‘सीडी-टेक्स्ट’ ही पुरवणी आली आणि नावे सीडीवरच लिहिण्याची सोय झाली. परंतु सीडी तयार करताना तो पर्याय निवडणे, लेखनयंत्राने तो स्वीकारणे आणि ऐकण्याच्या साधनाने तो वाचणे, अशा तीन अटी होत्या. सर्वत्र वापरला जाणारा विंडोज मीडिया प्लेअर ही नोंद वाचत नसे. शिवाय या पुरवणीत रोमन, जपानी, कोरियन आणि चिनी लिप्यांचा विचार झाला, देवनागरीचा नाही. मराठी नावे रोमन लिपीतच लिहावी लागत, आणि त्यांत एकवाक्यता नसे.

नोंदीच्या रकान्यांचाही प्रश्न होता. ‘कलाकार’ आणि ‘शीर्षक’ हे दोन रकाने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला पुरेसे ठरतात. आपल्या नाट्यगीताचे तसे नाही. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वा. सावरकरांचे ‘संगीत संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे संगीत वझेबुवांचे आणि गायक नट मास्टर दीनानाथ. यांपैकी ‘कलाकार’ कोणास म्हणावे? एकच नाव ठेवले तर उर्वरित दोघे नोंदीतून गळतात.

साधन म्हणून विचार

कोणी, कोठे, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी हे प्रश्न ऐतिहासिक साधनाला प्रथम विचारले जातात. अनामिक सीडी यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही. प्रसिद्ध गायकाचे मुद्रण अन्यत्र पडताळून पाहता येते. परंतु वाडीवरील शाहिराचे वा कीर्तनकाराचे मुद्रण पुष्कळदा एकमेव असते. त्याचा आवाज ओळखणारी पिढी वृद्ध होत आहे. अशा सीडीवरील रंजकद्रव्याचा थर प्रकाशाने आणि उष्णतेने बिघडतो, आणि नव्या संगणकांत बहुधा सीडी वाचण्याची सोयच नसते. नाद अन्य माध्यमात उतरवून घेता येईल. पण आवाज ओळखणारी व्यक्ती गेली की नाव परत मिळविता येणार नाही. म्हणून काम नावापासून सुरू व्हावयास हवे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ध्वनिमुद्रणाचे नाव प्रत्येक माध्यमात कोणीतरी जाणीवपूर्वक लिहावे लागले आहे. ते आपोआप टिकलेले नाही. महाविद्यालयांनी आपल्या ग्रंथालयातील सीडी जाणकारांसमवेत ऐकून प्रत्येक मुद्रणाची आरंभवेळ, कलाकार, साथीदार, गाव, तारीख आणि ओळख पटविणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे. नाद संगणकीय फाइलमध्ये उतरवून तीच माहिती युनिकोड देवनागरीत फाइलला जोडावी. आणि यापुढे होणाऱ्या प्रत्येक क्षेत्रीय मुद्रणाच्या आरंभी कलाकाराचे नाव, स्थळ व दिनांक स्पष्ट आवाजात उच्चारावेत. १९०२ मधील ही साधी रीत कोणत्याही सूचीवर अवलंबून नाही. नाद जेथे जाईल तेथे नाव त्याच्यासोबत जाते.