मेजावरचा स्टिरिओ संच (पांढुर्णा–सौंसर परिसर)

मेजावर, फडताळात किंवा भिंतीतल्या कोनाड्यात मावणाऱ्या दोन ध्वनिपेट्या आणि त्यांना पुरेल एवढा ॲम्प्लिफायर, असा घरगुती संच. ऐकणारा त्याच्यापासून तीन-चार फुटांवर बसतो, हे त्याचे खरे लक्षण. लग्नातला डीजे किंवा देवळावरचा भोंगा गावाला ऐकवतो. हा संच एकाला, फार तर दोघांना. बाजारात 2.0 म्हणजे दोन पेट्या आणि 2.1 म्हणजे दोन पेट्या व एक वूफर. घरात मात्र सगळ्यालाच ‘डेक’ नाहीतर ‘होम थेटर’ म्हणतात.

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. राज्य मध्य प्रदेश, घरची भाषा मराठी आणि मोठ्या खरेदीला नागपूर, अशी इथली घडी आहे. कानांचेही तेच. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर हीच या भागाची राजधानी होती. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे तालुके मध्य प्रदेशात राहिले; मध्यम लहरींनी मात्र ती सीमा पाळली नाही. त्या काळी रेडिओला परवाना लागे व त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. घरगुती रेडिओची ही अट 1980च्या दशकात गेली. त्याच दशकात कॅसेट घरोघरी पोचली आणि एका पेटीच्या रेडिओची जागा दोन पेट्यांच्या टेपने घेतली.

कंपनीचा संच परवडत नसे तेव्हा गावोगावचे रेडिओ दुरुस्तीवाले तो स्वतः जुळवून देत, आणि या नोंदीत मानाची जागा त्यांच्या डब्यालाच द्यावी लागेल. त्याचा जीव सान्यो कंपनीच्या ‘4440’ या चौदा पायांच्या आयसीत असे. पत्र्याच्या डब्यात 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, एक जाडजूड कपॅसिटर, आयसीच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी. समोर व्हॉल्यूम, बेस, ट्रेबल अशी तीन बटणे. हा आयसी मुळात मोटारीतल्या टेपसाठी बनलेला. त्यामुळे वीज गेली की डब्याच्या दोन तारा ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडल्या तरी गाणे थांबत नसे. स्टिरिओत त्याची ताकद दर पेटीला सुमारे 6 वॅट. कपॅसिटर लहान घातला की मागून 100 हर्ट्झची गुणगुण येई, आणि ‘हमिंग मारतो’ म्हणून डबा पुन्हा दुकानात जाई. असे डबे अजूनही चालतात. पुष्कळांत आता ब्लूटूथचे किट बसवलेले असते.

सहा वॅटांनी भागे कसे? मोजून पाहावे. साधारण लहान पेटी एका वॅटला एक मीटरवर 85 डेसिबल आवाज देते. निवांत ऐकताना 75 डेसिबल भरपूर होतात, आणि त्याला एक दशांश वॅट पुरतो. ढोलकीच्या थापेसारखा अचानक उसळणारा आवाज 95 पर्यंत नेला तरी दोन्ही पेट्यांना मिळून 10 वॅट लागतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते, तेव्हा 20 वॅटांऐवजी 40 वॅटांचा संच घेतला तर फरक 3 डेसिबलचा, म्हणजे जेमतेम कळणारा. तरीही खोक्यावर ‘2000 वॅट पीएमपीओ’ छापलेले असते. पीएमपीओ हे माप कोणत्याही प्रमाणात बसत नाही. ते छापणाऱ्याच्या मर्जीचे आहे. खरा आकडा आरएमएसचा, आणि तोही पटत नसेल तर अडॅप्टर उलटा करून वाचावा. 12 व्होल्ट, 2 अँपिअर लिहिले असेल तर आत 24 वॅटच शिरतात. त्याहून जास्त सतत बाहेर येणे शक्य नाही. संगणकाच्या यूएसबीवर चालणाऱ्या जोडीला बहुधा अडीच वॅटच मिळतात, आणि अभ्यासाच्या टेबलाला तेवढेही चालतात.

संचापेक्षा खोली जास्त बोलते. नव्या स्लॅबच्या घरांत दहा बाय दहाची खोली आणि दहा फुटी छत हे माप नेहमीचे, आणि आवाजाच्या दृष्टीने याहून वाईट माप शोधून सापडणार नाही. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर उभा राहतो. लांबी, रुंदी, उंची सारखीच असल्याने तो तिन्ही दिशांनी साचतो. भिंतीला टेकून बसलेल्याला बेस घुमतो आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला तोच बेस नाहीसा वाटतो. वूफर कोपऱ्यात ठेवला की घुमणे आणखी वाढते. दुकानदार मात्र कोपराच दाखवतात, कारण गिऱ्हाईक तिथे खूश होते. जुन्या मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर असलेल्या खोलीत हा त्रास कमी, कारण बेस छपरातून निघून जातो. तिथे अडचण वेगळी: मांडणीवरची स्टीलची भांडी ठरावीक सुराला झणझणू लागतात. दोष पेटीचा समजून ती बदलणारे आहेत. आधी ताटे उचलून पाहावीत.

पडद्याने फक्त वरचे सूर दबतात. कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात त्याहून चांगला इलाज घरातच असतो: कापसाची जाड गादी गुंडाळून ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यात उभी करावी. मधले सूर त्यामुळे स्पष्ट होतात. खालच्या बेसवर मात्र गादीचाही फारसा उपाय चालत नाही. खुर्ची हात-दीड हात पुढेमागे सरकवणे हाच त्यावरचा फुकटचा उपाय.

पेट्यांमधले अंतर आणि पेटीपासून डोक्यापर्यंतचे अंतर सारखे ठेवावे, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. मेजावर सपाट ठेवलेल्या पेटीचा आवाज फळीवर आपटून पुन्हा कानाला लागतो. म्हणून पुढची बाजू थोडी उचलून ट्वीटर कानाकडे करावा. जुन्या हवाई चपलेचे दोन तुकडे खाली सरकवले की उंचीही मिळते आणि मेजाची थरथरही कमी होते. जोडणी तपासायला आकाशवाणी नागपूरच्या मध्यम लहरीवरचे निवेदन उत्तम. ते एकाच वाहिनीचे, त्यामुळे निवेदकाचा आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, रिकाम्या जागेतून यायला हवा. तो पसरट लागला आणि बेस गेला, तर एका पेटीच्या लाल-काळ्या तारा उलट्या आहेत. स्टिरिओची परीक्षा याच्या पुढची. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या खंजिरी भजनाचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. खंजिरीच्या चकत्या सुट्या-सुट्या ऐकू आल्या तर ट्वीटर ठीक, नुसता ‘छस्स’ आवाज आला तर पैसे परत मागावेत.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा बंद फडताळातला ॲम्प्लिफायर तापतो; मागे चार बोटे मोकळी जागा हवी. दोन पिनांच्या बोर्डावर अर्थिंग नसते, आणि संगणक व संच वेगवेगळ्या बोर्डांवर असले की 50 हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. दोन्ही एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेतल्याने ती बहुधा जाते. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीनेही खरखर येते, तिथे संचाला दोष देऊ नये.

भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत शेजाऱ्याचाही हक्क आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्री म्हणजे दहा ते सहा. खासगी संचाचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक जाता कामा नये. मेजावरचा संच ताळ्यावर वाजवला तर तो सहज या हद्दीत राहतो. भिंत ओलांडतो तो बेस, म्हणून रात्री वूफरचे बटण शून्यावर आणावे.

जुना संच विकत घेताना जाळी काढून शंकूच्या कडेला बोट लावावे. कडा फोमची असेल तर या हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची जास्त टिकते. शंकू हलक्या हाताने आत दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल जागेवरून सरकलेली आहे, आणि अशा स्पीकरला नवी कडा लावूनही उपयोग होत नाही.