मांस मोजलं, ताकद राहिली

म्हातारपणी दंड आणि मांड्या वाळतात, हे काही नवं नाही. पण या झिजेला वैद्यकात स्वतःचं नाव नव्हतं. १९८८ साली अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या एका बैठकीत अर्विन रोझेनबर्ग यांनी ते सुचवलं: सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे उणीव. नाव दिल्याशिवाय विषय कुणी मनावर घेणार नाही, हा त्यांचा हिशोब. तो खरा ठरला. पण नावात मांस आलं आणि मग मोजायचं तेही मांसच, असं होऊन बसलं. १९९८ मध्ये बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी हातापायांतल्या मांसाचं वजन उंचीच्या वर्गानं भागायची रीत घातली. त्यासाठी डेक्सा यंत्र लागतं. ते गावोगावी कुठून असणार?

आता गंमत बघा. उपचाराचा पुरावा याच्या आधीच हाती आला होता. बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून मांड्यांचा व्यायाम करवून घेतला. हलकाफुलका नव्हे बरं का! एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, आठवडे आठ. नऊ जणांनी तो पुरा केला. १९९० साली निकाल छापून आला: ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र फक्त ९ टक्क्यांनी. या वयात जपून बसा, असं सांगायची रीत होती. तिच्यापुढे हे आकडे ठेवून पाहा. मला तर यातलं ९ आणि १७४ मधलं अंतर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मांस आणि बळ एका मापानं चालत नाहीत, हे तिथंच दिसलं होतं. १९९४ मध्ये त्यांनीच शंभर जणांवर प्रयोग केला, तेव्हा नुसत्या पूरक आहारानं ताकद वाढली नाही, व्यायामानं वाढली.

तरी निदानाच्या व्याख्येत ताकद पहिल्या जागी यायला युरोपात २०१८ उजाडलं. आता आधी हाताची पकड पाहतात: पुरुषांत २७ किलोच्या खाली, स्त्रियांत १६ च्या खाली गेली की संशय. आशियाई गटाचे २०१९ चे आकडे २८ आणि १८ आहेत. पकडीचं यंत्र नसेल तर साधी खुर्ची चालते. हात छातीशी घडी घालायचे, पाच वेळा उठायचं-बसायचं. युरोपच्या मापानं १५ सेकंदांहून जास्त लागले, तर पुढची तपासणी.