इंच आणि मिलिमीटर : एका प्रकल्पात दोन मापे

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प सुरू झाले, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यातील पासोड्या विठोबाच्या परिसरात विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. हातात सुट्या भागांची यादी असते. त्या यादीतील अर्धी मापे इंचांत आणि अर्धी मिलिमीटरमध्ये असतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते पीसीबी तयार होऊन आल्यावर. कनेक्टरचे पहिले काही पाय छिद्रांत बसतात, शेवटचे मात्र बसत नाहीत. प्रकल्प सादर करायला तेव्हा अवघे दोन दिवस उरलेले असतात.

आपल्या देशाने दशमान पद्धती स्वीकारल्याला सहा दशकांहून अधिक काळ लोटला. १९५६ साली मापे व वजने यांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. तरीही घर आपण चौरस फुटांत घेतो, वाळू ब्रासमध्ये मोजतो आणि दूरचित्रवाणी संचाचा पडदा इंचांत सांगतो. सुताराच्या तोंडी तर अजूनही ‘सूत’ आहे. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटरचे. फर्निचरच्या कामात अर्धा सूत इकडेतिकडे झाले तरी रंधा फिरवून भागते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि यंत्रशाळेत मात्र तेवढ्याने सारे काम वाया जाते.

इंचाची आजची व्याख्या

इंच हे स्वतंत्र माप आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः आजचा इंच मीटरवरच उभा आहे. पूर्वी अमेरिकेचा इंच २५.४ मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा आणि ब्रिटनचा किंचित लहान होता. हा फरक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असला, तरी सूक्ष्म मापनाला तो अडचणीचा होता. अचूक मापठोकळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले स्वीडनचे कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी आपल्या ठोकळ्यांसाठी एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे सोयीचे प्रमाण धरले. पुढे उद्योगांनी ते उचलले आणि १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या देशांनी तेच अधिकृत मानले. त्यामुळे २५.४ हा आकडा ‘सुमारे’ नाही. तो तंतोतंत आहे. गोंधळ होतो तो हा आकडा मध्येच कोठेतरी ‘२५’ केल्यामुळे.

चार शतांश मिलिमीटरची गोष्ट

इलेक्ट्रॉनिक्सचा पाया अमेरिकेत घातला गेला, म्हणून त्याची मापे इंचांत रुजली. १९६४च्या सुमारास फेअरचाइल्ड कंपनीत दोन रांगांत पाय असलेल्या चिपचा साचा तयार झाला. त्यातील लगतच्या दोन पायांमधील अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर ठेवण्यात आले. प्रयोगासाठी वापरला जाणारा ब्रेडबोर्ड, भोके पाडलेला सर्वसाधारण बोर्ड, पिनांच्या पट्ट्या या सर्वांचे अंतर आजही तेच आहे.

मात्र मेट्रिक परंपरेतील अनेक कनेक्टर २.५ मिलिमीटर अंतराचे असतात. सोव्हिएत संघात तर चिपचे पायदेखील २.५ मिलिमीटरवरच ठेवले जात. दोन्हींत फरक केवळ ०.०४ मिलिमीटरचा, डोळ्यांना तो दिसत नाही. चार पायांच्या कनेक्टरमध्ये तीन अंतरे असतात, म्हणून एकूण फरक ०.१२ मिलिमीटर होतो आणि कनेक्टर निमूटपणे बसतो. पण चाळीस पायांच्या चिपमध्ये एका बाजूस वीस पाय, म्हणजे एकोणीस अंतरे असतात. तेथे फरक ०.७६ मिलिमीटरवर पोहोचतो. हा फरक पायाच्या स्वतःच्या जाडीहून अधिक आहे. चूक प्रत्येक पायरीवर साठत जाते आणि शेवटच्या पायाशी उघडी पडते. लहान नमुन्यावर यशस्वी झालेली रचना मोठ्या फलकावर फसते, त्याचे कारण हेच.

एकच क्रमांक, दोन अर्थ

पृष्ठभागावर डाख देऊन बसवायच्या लहान रोधकांच्या व धारित्रांच्या बाबतीत घोटाळा आणखी वेगळा आहे. त्यांचा आकार चार अंकी क्रमांकाने सांगतात. इंच पद्धतीत ‘०६०३’ म्हणजे ०.०६ इंच लांब व ०.०३ इंच रुंद, अर्थात साधारण १.६ बाय ०.८ मिलिमीटर. याच आकाराला मेट्रिक पद्धतीत ‘१६०८’ म्हणतात. परंतु मेट्रिक पद्धतीतही ‘०६०३’ हा क्रमांक आहे आणि तो ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा भाग दाखवतो. त्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सातव्या हिश्शाइतके असते. पहिला भाग चिमट्याने उचलून हाताने बसवता येतो. दुसरा भाग साध्या डोळ्यांना धुळीच्या कणासारखा दिसतो. म्हणून खरेदीच्या यादीत केवळ क्रमांक न लिहिता कोणती पद्धत ते लिहावे आणि शक्य तर मिलिमीटरमधील लांबी-रुंदीही द्यावी.

तारांचीही हीच कथा. आपल्याकडे मोटार व ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे कारागीर ब्रिटिश गेज वापरतात, तर अमेरिकी मंडलाकृतींत अमेरिकी गेज असतो. ३६ क्रमांकाची ब्रिटिश तार सुमारे ०.१९ मिलिमीटर व्यासाची, तर त्याच क्रमांकाची अमेरिकी तार सुमारे ०.१३ मिलिमीटरची असते. अमेरिकी आकृती पाहून बाजारातून ब्रिटिश गेजची ३६ नंबरची तार आणली, तर ठरलेले वेढे चौकटीत मावणारच नाहीत. उलट प्रकारात तार बारीक पडते, तिचा रोध वाढतो आणि ती तापते. घरगुती विजेशी जोडलेल्या उपकरणात ही चूक धोक्याची ठरू शकते. तार घेताना गेजचा क्रमांक न सांगता मिलिमीटरमधील व्यास सांगणे, हा यावरचा सोपा उपाय.

आट्यांचा घोळ

संगणक उघडून पाहिलेल्यांना दोन प्रकारचे स्क्रू ठाऊक असतात. डेस्कटॉप संगणकाच्या साडेतीन इंची हार्ड डिस्कचे स्क्रू सुमारे ३.५ मिलिमीटर व्यासाचे आणि इंचामागे ३२ आट्यांचे असतात; सीडी ड्राइव्हचे व लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचे स्क्रू ३ मिलिमीटर व्यासाचे, अर्धा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे असतात. बारीक स्क्रू मोठ्या छिद्रात नुसता फिरत राहतो. जाड स्क्रू बारीक छिद्रात जोर लावून घुसवला, तर धातूतील आटे कायमचे जातात.

याहून फसवी जोडी यंत्रशाळेत आढळते. पाच मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूच्या आट्यांतील अंतर ०.८ मिलिमीटर आहे. अमेरिकी दहा नंबरच्या, इंचामागे ३२ आट्यांच्या स्क्रूचे अंतर ०.७९४ मिलिमीटर आणि व्यास ४.८३ मिलिमीटर आहे. हा अमेरिकी स्क्रू मेट्रिक नटमध्ये सहज जातो, घट्टही झाल्यासारखा वाटतो. परंतु आट्यांची पकड अपुरी असल्याने भार वा कंप आला की तो सैल होतो किंवा आटे सोडतो. न बसणारा स्क्रू निदान सावध तरी करतो. बसल्यासारखा भासणारा स्क्रू मात्र घात करतो.

पान्यांच्या बाबतीतही तसेच आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९चा पाना तेथे बहुधा निभावून नेतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३चा पाना लावून जोर केला, की नटाचे कोपरे गोल होतात. मग तो नट कोणत्याच पान्याला दाद देत नाही.

या दोन जगांना जोडणारी एक सुंदर युक्ती लेथवर पाहायला मिळते. इंचामागे आठ आट्यांचा मुख्य स्क्रू असलेल्या लेथवर मेट्रिक आटे पाडायचे असतील, तर १२७ दात्यांचे चाक बसवतात. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. फिरणाऱ्या दांड्याकडे ४० दात्यांचे आणि मुख्य स्क्रूकडे १२७ दात्यांचे चाक असले, की एका फेऱ्यास हत्यार बरोबर एक मिलिमीटर सरकते. त्यात कणभरही त्रुटी राहत नाही. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे एवढ्या अचूकतेसाठी लहान चाकांची जोडी तिची जागा घेऊ शकत नाही.

किंमत कोणाला मोजावी लागली?

विद्यार्थ्याच्या प्रकल्पात चुकीची किंमत काहीशे रुपये असते. इतरत्र ती फार मोठी ठरली आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान ऐन आकाशात इंधन संपल्याने दोन्ही इंजिने बंद पडून केवळ तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले. त्या विमानाचे इंधन किलोग्रॅममध्ये मोजायचे होते. हिशेब करताना मात्र लिटरला १.७७ हा पौंडांचा गुणक वापरला गेला. किलोग्रॅमचा गुणक सुमारे ०.८ होता. परिणामी विमानात आवश्यकतेच्या निम्म्याहून कमी इंधन होते. वैमानिकांच्या कौशल्यामुळे कोणाचाही जीव गेला नाही.

‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या अमेरिकी यानाला तसे दैव लाभले नाही. पृथ्वीवरील एका संगणक प्रणालीने यानाच्या लहान इंजिनांचा आवेग पौंडांच्या एककात दिला आणि दुसरीने तो न्यूटनच्या एककात आहे असे गृहीत धरले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि नष्ट झाले.

यंत्रशाळेच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण टोकियो डिस्नेलँडचे आहे. तेथील ‘स्पेस माउंटन’ या पाळण्याच्या गाडीचा आस डिसेंबर २००३मध्ये मोडला. आसाचे माप पूर्वीच इंचांवरून मेट्रिकवर नेले होते, परंतु नवे आस मागवताना जुने रेखाचित्र वापरले गेले. आस किंचित बारीक आले, बेअरिंगमध्ये नको तेवढी फट राहिली आणि हादऱ्यांनी धातू थकला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. कपाटात राहिलेला एक जुना कागद एवढे करू शकतो.

काय करावे?

दोन्ही मापे एका कामात येणे आता टळणारे नाही. ती कोठे एकत्र येतात हे ठाऊक असणे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठी पुढील पथ्ये उपयोगी पडतील.

१. कामाच्या आरंभीच एक पद्धत मुख्य म्हणून ठरवावी. जो भाग बदलता येणार नाही, त्याची पद्धत स्वीकारणे बहुधा सोयीचे असते.

२. रेखाचित्रावर प्रत्येक ठिकाणी एकक लिहावे. नुसते ‘१०’ हे माप नव्हे. जुनी रेखाचित्रे रद्द केल्यावर तसा शिक्का मारून वेगळी ठेवावीत.

३. रूपांतर मूळ मापापासून एकदाच करावे आणि आकडा शेवटीच जवळच्या अंकाशी आणावा. वीस छिद्रांची जागा ठरवताना प्रत्येक अंतर वाढवत न जाता प्रत्येक छिद्र पहिल्या छिद्रापासून मोजावे.

४. अनोळखी कनेक्टर आला तर एक अंतर न मोजता दहा अंतरे एकत्र मोजावीत. २५.४ आले तर इंच, २५.० आले तर मेट्रिक. डिजिटल कॅलिपरवर इंचाचे बटण चुकून दाबले गेलेले नाही ना, हे आधी पाहावे.

५. पीसीबी बनवायला देण्यापूर्वी तिचा आराखडा कागदावर मूळ आकारात छापून त्यावर प्रत्यक्ष भाग ठेवून पाहावेत. हा एका रुपयाचा कागद हजारांचे नुकसान वाचवतो.

६. संगणकनियंत्रित यंत्राला आज्ञावलीच्या आरंभीच एकक सांगावे. जी-२० म्हणजे इंच आणि जी-२१ म्हणजे मिलिमीटर. त्रिमितीय छपाईच्या एसटीएल फाइलमध्ये तर एककाची नोंदच नसते. म्हणून एखादे ठाऊक असलेले माप पडद्यावर तपासल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

७. मेट्रिक व इंची स्क्रूंचे डबे वेगळे ठेवावेत. स्क्रू बोटांनी दोन-तीन फेरे सहज गेला नाही, तर पेचकस लावू नये. सहज जाऊनही तो हलत असेल, तर आट्यांच्या गेजने खात्री करून घ्यावी.

इंच चांगला की मिलिमीटर, हा वाद व्यर्थ आहे. दोन्ही मापे आपापल्या जागी अचूक आहेत. चूक उद्भवते ती आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचे एकक मागे राहते तेव्हा. दुकानदाराने ‘कोणत्या मापात?’ असे विचारले, तर त्याचा कंटाळा करू नये. आणि त्याने विचारले नाही, तर आपण विचारावे.