आठ दात, त्रेचाळीस दात

जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलचं झाकण उघडलं की आधी दात मोजावेत. लहान पिनियनला आठ आणि मोठ्या क्राउनला एकोणचाळीस दात असतील, तर तो जोड महायुद्धातल्या जीपचा. क्राउनला त्रेचाळीस असतील, तर युद्धानंतरच्या नागरी जीपचा. खानदेशात या दोन्ही वंशांचे जोड भंगारात एकमेकांशेजारी पडलेले दिसतात, आणि इथल्या मेकॅनिकांची बरीच डोकेदुखी याच चार दातांच्या फरकातून आली आहे.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या जीपा सरकारने विकून टाकल्या. त्याच सुमारास, १९४५मध्ये, महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८मध्ये कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा महिंद्रा आलं. विलीज जीपची मुंबईतली जुळणी या कंपनीची. नागरी जीपने नांगर, ट्रॉली असं काहीही ओढावं अशी विलीजची अपेक्षा होती, म्हणून तिला ओढ वाढवणारा त्रेचाळीसचा क्राउन दिला. लष्करी गाडीला वेगही हवा होता.

आमच्या मामांची एरंडोलजवळची जीप या दुसऱ्या वंशातली, उंच बॉनेटची, १९६८ची. गेल्या वर्षी ती मागून रडायला लागली. धुळ्याला ज्यांच्याकडे ती नेली त्यांना सगळे आप्पा म्हणतात. "गाडी मांगे रडस," एवढं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ॲक्सिलरेटर दिल्यावर रडते की सोडल्यावर? या उत्तरावरून दाताची कुठली बाजू दुखतेय त्याचा अंदाज येतो. मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. चार वर्षांत हा प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारला नव्हता.

डिफरन्शियलचं काम थोडक्यात असं. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यातलं एक फरफटतं. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर दंतचक्रांचा उपाय काढला, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. क्राउनच्या पोटात दोन छोटी चक्रं एका आडव्या पिनवर फिरतात आणि दोन्ही चाकांना हवा तेवढा फरक वाटून देतात.

मामांच्या जीपमध्ये ही पिनच झिजली होती. तिच्यावर बोटाला लागेल एवढा खड्डा पडला होता, आणि चक्रांमागचे वॉशर कागदासारखे झाले होते. आप्पांनी जळगावच्या एका टर्नरकडे पाठवलं. त्याने पिन ईएन ३५३ पोलादातून कातली, कवच कडक करायला भट्टीत दिली, मग ग्राइंडिंग करून मापात आणली. ईएन ३५३ हे आपल्याकडे दंतचक्रांसाठी नेहमी वापरलं जाणारं पोलाद आहे: भट्टीत कार्बन शोषून वरून कडक होतं, आतून चिवट राहतं. वॉशर फॉस्फर ब्राँझचे केले.

हे कसब इथे कुठून आलं? माझ्या मते कापसातून. १८६०च्या दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली, अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव चढवला, मग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि जळगावची गिरणी आली. यंत्रं विलायतेची, सुटे भाग बोटीने येणार. तोवर यंत्र बंद ठेवणं कुणाला परवडलं असेल? फिटर-टर्नरांच्या पिढ्या अशाच तयार झाल्या असाव्यात. पुढे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदू लागले, आणि ट्रकांनी या लेथना शंभर वर्षांचं काम दिलं.

पण क्राउन-पिनियन? "ते नाही होणार," टर्नर सरळ म्हणाला. त्याला जमत नव्हतं असं नाही, त्याला सीमा माहीत होती. जीपचा हा जोड हायपॉइड असतो, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्याखालून जातो. पॅकार्डने १९२६मध्ये मोटारीत आणलेली ही पद्धत. दात तिरपे आणि वक्र, एकमेकांवर लोळता लोळता घसरतात. त्यांचा आकार ठरतो ग्लीसनसारख्या खास यंत्राच्या कोनांवर आणि कटरच्या त्रिज्येवर. तयार दात हातात असतो, पण ती मांडणी हातात नसते. आमच्या भाषेत, प्रोग्राम चालतोय पण सोर्स कोड नाही. स्कॅन करून पाच अक्षांच्या सीएनसीवर कापता येतो, पण मग झीजसुद्धा इमानाने कापली जाते.

शिवाय आठ आणि त्रेचाळीसला एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही. त्यामुळे तीच दातांची जोडी पिनियनच्या त्रेचाळीस फेऱ्यांनंतर पुन्हा भेटते, आणि दरम्यान पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटून येतो. सगळे एकमेकांना घासून जुळतात. कारखान्यातही हा जोड एकत्रच घासून त्यावर एकच नंबर मारतात. म्हणून यातला एकटा पिनियन बदलणं फसवं असतं.

आणि पूर्ण जोड बदलायचा तर दात मोजूनच. पुढे त्रेचाळीसचा, मागे भंगारातला एकोणचाळीसचा असा संसार मांडला, तर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल दहा टक्क्यांच्या फरकाने एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर गिअर मार खातो. काळी-पिवळीच्या दिवसांत अनेकांनी पुढचा शाफ्टच काढून टाकला होता. डिझेल वाचायचं आणि भांडणही मिटायचं.

सुदैवाने मामांचा जोड शाबूत होता. आप्पांनी दातांना ब्लू लावून ठसा पाहिला, मग शिम बदलत दातांमधली चाल इंचाच्या पाच ते सात हजारांशांवर आणली. दोन केसांएवढी. त्यात अख्खी दुपार गेली.

२०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. डिफरन्शियलचं नाव त्यात नाही, म्हणजे जळगावची पिन खपून जाईल. मी मामांना नोंदणी सुचवली. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच काढायची.

"मग शेतात काय न्यायचं भाचेबुवा, तुझा लॅपटॉप?" मामा म्हणाले. जीप आता रडत नाही. टर्नरकडून एक जादा पिन करून घेतली आहे, ती ग्रीस लावून कपाटात ठेवली आहे.