रशीद सुन्यायेव : शोधनिबंध, सायटेशन आणि आकड्यांचा अर्थ

कृष्णविवरे आणि विश्वाचा आरंभ या दोन्ही विषयांत ज्यांच्या कामाचा आधार घेतल्याशिवाय आजही पुढे जाता येत नाही, असे खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हणजे रशीद अलीयेविच सुन्यायेव. त्यांचा जन्म १ मार्च १९४३ रोजी ताश्कंद येथे तातार कुटुंबात झाला. तातार हा प्रामुख्याने व्होल्गा नदीच्या खोऱ्यातला, बहुसंख्येने मुस्लिम असलेला समाज. मॉस्कोत शिक्षण घेताना त्यांना याकोव्ह झेल्दोविच यांच्यासारखे उस्ताद लाभले. पुढे १९९६ पासून दोन दशकांहून अधिक काळ ते जर्मनीतील गार्चिंग येथील माक्स प्लांक खगोलभौतिकी संस्थेचे एक संचालक होते.

सायटेशन म्हणजे काय?

संशोधक नवा निबंध लिहितो तेव्हा आधीच्या कोणाच्या कामाचा आधार घेतला, ते नोंदवतो. अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक सायटेशन. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन मिळाली असतील आणि २१ निबंधांना २१-२१ मिळाली नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स २०.

एका अक्षराची करामत

१९७३ मध्ये निकोलाय शकुरा आणि सुन्यायेव यांचा कृष्णविवरांवरील निबंध ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’मध्ये आला. शेजारच्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, तेव्हा तो सरळ आत न पडता भोवती चकतीसारखा फिरतो, तापतो आणि क्ष-किरण फेकतो. पण चकतीतलं घर्षण नेमकं कशामुळे होतं, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. दोघांनी ते अज्ञान लपवलं नाही. ते ‘अल्फा’ या एकाच अक्षरात बांधलं आणि बाकीचं गणित पूर्ण केलं. घर्षणामागे चुंबकीय क्षेत्राचा हात कसा असतो, हे बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ मध्ये दाखवलं. तोवर जगाचं काम अडलं नव्हतं. या एका निबंधाला आठ हजारांहून अधिक सायटेशन मिळाली आहेत.

उशिरा आलेली दाद

दुसरं काम झेल्दोविच यांच्यासोबतचं. विश्वाच्या आरंभीचं प्रारण आजही सगळीकडे पसरलेलं आहे. ते दीर्घिकांच्या समूहातील तप्त वायूतून जाताना त्यात किंचित बदल होतो, असं दोघांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. हा बदल हजाराव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे खात्रीने मोजायलाच १९८० चं दशक उजाडलं. पुढे दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीने याच खुणेवरून नवे समूह शोधले. प्लांक उपग्रहाच्या २०१५ च्या यादीत अशा १,६५३ नोंदी आहेत. आज याला ‘सुन्यायेव-झेल्दोविच परिणाम’ म्हणतात.

म्हणजे १९७५ मध्ये कोणी फक्त आकडे पाहिले असते, तर या कामाची खरी किंमत कळलीच नसती. उलटी बाजूही आहे. कल्पना पाठ्यपुस्तकात गेली की लोक ती वापरतात, पण मूळ निबंधाची नोंद करणं सोडून देतात.

सन्मान

क्राफूर्ड पारितोषिक (२००८), सौदी अरेबियाचे किंग फैसल आंतरराष्ट्रीय पारितोषिक (२००९) आणि जपानचे क्योटो पारितोषिक (२०११) हे त्यांना मिळालेले काही प्रमुख सन्मान.

आपल्या मुलांसाठी

घरातील मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत असेल, तर नुसता एच-इंडेक्स बघून ठरवू नका. वेगवेगळ्या विषयांचे आकडे एका तराजूत तोलता येत नाहीत. मोठ्या गटाच्या निबंधावर शेकडो नावं असतात आणि सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात जमा होतं. वय वाढतं तसा हा आकडाही वाढत जातो, कमी होत नाही. खगोलशास्त्रासाठी नासाच्या मदतीने चालणारी ‘एडीएस’ ही सूची मोफत आहे. तिथे निबंध उघडा आणि इतरांनी तो कशासाठी वापरला, ते वाचा. किती जणांनी नाव घेतलं यापेक्षा त्या कामामुळे पुढे कोणाला काय करता आलं, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.