माळवदाचे ओझे

समुद्रतीरी भूमी खचली की भरतीचे खारे पाणी शेतात शिरते आणि पिकासह साराही बुडतो. परंतु सागरापासून दूर असलेल्या, निजामी अमलात दीर्घकाळ राहिलेल्या मराठवाड्याची भूमी स्थिर, अशीच सर्वांची समजूत होती. गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या, याच मराठवाड्यातील किल्लारी परिसरास ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्या समजुतीची किंमत सुमारे १०,००० जीव देऊन फेडावी लागली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी, आणि खरे सांगायचे तर गावात पत वाढवणारी रचनाच निद्रिस्तांवर कोसळली. पुढे ५० हून अधिक गावे नव्या जागी वसली. चौरस आखणीत घरे मिळाली, पण जुन्या गल्लीचा शेजार, पार आणि शिवाराची जवळीक कोणत्याही पंचनाम्यात नोंदली गेली नव्हती.