व्हाइटफील्ड : शेतवस्ती ते तंत्रनगरी

बंगळुरू : माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे केंद्र म्हणून देशभर परिचित असलेले व्हाइटफील्ड मुळात शेतीसाठी आणि एका अल्पसंख्य समाजाच्या स्वावलंबनासाठी वसविण्यात आले होते. शहराच्या पूर्व भागातील या उपनगराचे रूप गेल्या तीन दशकांत पूर्णतः पालटले आहे.

ब्रिटिशांनी १८८१ मध्ये म्हैसूर संस्थानचा कारभार पुन्हा वोडियार घराण्याकडे सोपविला. त्यानंतर १८८२ मध्ये महाराजा चामराजेंद्र वोडियार (दहावे) यांनी युरेशियन अँड अँग्लो-इंडियन असोसिएशनला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. सरकारी नोकरीवर विसंबून असलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांना स्वतःची जमीन कसून जगता यावे, हा त्यामागील हेतू होता. संघटनेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहत व्हाइटफील्ड म्हणून ओळखली जाऊ लागली. झारखंडमधील मॅक्लुस्कीगंज ही याच समाजाची प्रसिद्ध वसाहत १९३३ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर स्थापन झाली.

मध्यभागी मोकळे मैदान आणि त्याभोवती वर्तुळाकार घरे, अशी वसाहतीची आखणी होती. हा भाग आज ‘इनर सर्कल’ या नावाने ओळखला जातो. प्रशस्त आवारातील कौलारू बंगले, फळबागा आणि चर्च यांभोवती येथील सामाजिक जीवन फिरत असे. शेतीची मूळ कल्पना मात्र अपेक्षेप्रमाणे रुजली नाही. स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व कॅनडात स्थलांतरित झाली.

वसाहतीच्या आसपास काडुगोडी, नल्लूरहळ्ळी, हगदूर, वर्तूर ही गावे होती. काडुगोडी येथील सत्य साईबाबांच्या ‘वृंदावन’ आश्रमामुळे या परिसरात भाविकांची वर्दळ सुरू झाली. सत्य साई संस्थेचे मोठे रुग्णालय २००१ मध्ये येथे कार्यान्वित झाले.

निर्णायक बदल घडविला तो इंटरनॅशनल टेक पार्कने. भारत व सिंगापूर यांच्या सहकार्यातून १९९४ मध्ये हा प्रकल्प आकारास येऊ लागला. पुढे देशभरातील तरुण नोकरीसाठी येथे आले. त्यात महाराष्ट्रातील कुटुंबेही आहेत. शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिली आणि इनर सर्कलमधील अनेक जुने बंगले पाडले गेले.

पुण्याजवळील हिंजवडीप्रमाणे येथेही नागरी सुविधा वाढीच्या मागेच राहिल्या. हा परिसर २००७ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत समाविष्ट झाला. तरीही अरुंद रस्ते, टँकरचे पाणी आणि प्रदूषित तलाव हे प्रश्न कायम राहिले. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत शहराच्या या पूर्व पट्ट्यातील अनेक भाग जलमय झाले.

या परिस्थितीतून नवे सामूहिक जीवन घडले. ‘व्हाइटफील्ड रायझिंग’ या २०१३ मध्ये सुरू झालेल्या नागरिक चळवळीने कचरा वर्गीकरण, तलाव संवर्धन, रस्ते आणि मतदार नोंदणी हे विषय हाती घेतले. विविध भाषक रहिवासी त्यानिमित्त एकत्र आले.

मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो धावू लागली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती शहराच्या मध्यभागाशी थेट जोडली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूचे पाच महानगरपालिकांत विभाजन होऊन हा परिसर पूर्व महानगरपालिकेत आला. पाणी, रस्ते व तलाव यांबाबतच्या रहिवाशांच्या मागण्या आता या नव्या यंत्रणेपुढे आहेत.